दिवसाला चार बोटं

मे महिन्याची रणरणती दुपार होती, आणि ओमेशच्या गाडीतून बर्फाची लादी पळून गेली.

पळून गेली असंच म्हणायला हवं. सौंदडच्या रेल्वे फाटकाजवळच्या चढावर पिकअपचं मागचं फळकं निसटलं. आरशात पाहतो तर काय... ती भली थोरली लादी डांबरी उतारावरून एकटीच, आपल्याच तोऱ्यात, खाली निघालेली! ओमेशने गाडी उभी केली, लोखंडी आकडा उचलला आणि तिच्यामागे धाव घेतली. खाली एक मुलगी स्कूटी थांबवून उभी होती. अगदी लादीच्या वाटेत.

"ओ मॅडम! बाजूले व्हा जी! लादी येऊन राहिली!"

आता अशा वेळी शहाण्या मुलीने काय करावं? किंचाळावं, नाहीतर निमूट बाजूला व्हावं. या मुलीने ओढणीने मोबाइलची काच पुसली आणि त्यातलं घड्याळ सुरू केलं.

ओमेश धापा टाकत पोचला, लादीत आकडा रुतवायला वाकला, तर ती ओरडली, "थांबा! हात लावू नका तिला!"

तो जागच्या जागी थबकला. त्याच्याच बर्फाला हात लावायचा नाही, असं त्याला जन्मात कुणी दटावलं नव्हतं.

"कायले जी?"

"अजून सरकते आहे."

मग दोघंही पाहत उभे राहिले. पाण्याची रेघ ओढत लादी गुळगुळीत डांबरावरून झरझर गेली, स्कूटीच्या चाकापासून वीतभर अंतरावरून निसटली, कडेच्या गिट्टीत शिरली आणि गपकन थांबली.

"एकोणीस सेकंद," ती म्हणाली. "डांबरावर एवढी धावली, आणि गिट्टीत हातभरसुद्धा नाही. पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं नं. तिकडे इटियाडोह धरणावर मासोळ्या बर्फाची वाट पाहून राहिल्या, अन् तुमी टाइम लावून राहिल्या." ओमेशला हसू आवरेना. "दुसरी पाडू का? तिचा बी लावा."

"पाडाल?"

तिने हे इतक्या गंभीरपणे विचारलं, की त्याचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. उन्हाने लाल झालेलं नाक, कपाळाला चिकटलेली एक बट, आणि मोठे मोठे डोळे... ते मात्र बर्फावर. त्याच्यावर नव्हतेच. ओमेशला ते थोडं लागलं. खरं सांगायचं तर बरंच लागलं.

ओमेश ढिवरांच्या घरचा. बाप अजून इटियाडोहच्या पाण्यात जाळं टाकायचा. पोराने गोंदियाच्या आयटीआयमध्ये थंडाव्याच्या यंत्रांचं काम शिकून मासेमारांच्या सोसायटीचा बर्फ कारखाना सांभाळायला घेतला होता. सत्तावीस वर्षांचा गडी, अंगाने दणकट, बोलायला मोकळा. बर्फाबद्दल आपल्याला ठाऊक नाही असं काही जगात असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"बर्फ वाहतो, माहिती आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

"वितळला का वाहतेच."

"न वितळता. घट्टच्या घट्ट. डोंगरावरून, नदीसारखा."

ओमेशने मान हलवली. ऊन लागलं असावं बिचारीला. पण 'उद्या सकाळी कारखान्यावर या, लागन तेवढ्या लाद्या सरकवून पाहा,' हे वाक्य त्याच्या तोंडून कसं गेलं, ते त्यालाही कळलं नाही.

ती खरंच आली. सकाळी सात वाजता, बगलेत वही, हातात मोजपट्टी. नाव अल्का. भात गिरणीत काम करणाऱ्या सेवकरामची मुलगी, म्हणजे ज्या गिरणीतला धानाचा भुसा लाद्या झाकायला या कारखान्यात यायचा, त्याच गिरणीतल्या सेवकरामची. नागपुरात राहून भूगर्भशास्त्र शिकलेली. बर्फाच्या हौदाच्या कठड्यावर बसून तिने ओमेशला सगळं सांगितलं.

डेहराडूनच्या एका संस्थेत हिमनद्यांवर संशोधन करायला चार जागा होत्या. आयुष्यात दोनदाच अर्ज करता येई. गेल्या वर्षी मुलाखतीत एका सरांनी हसत विचारलं होतं, 'गोंदिया? तुम्ही बर्फ तरी पाहिलाय का?' बाकीचेही हसले आणि अल्काची जीभ टाळूला चिकटली. पुढच्या सात प्रश्नांची उत्तरं येत असून तिला एक शब्द बोलता आला नव्हता. यंदा शेवटची संधी. बारा जूनला मोबाइलवरून पंधरा मिनिटं. विषय त्यांनीच दिलेला — ज्याने हिमनदी कधी पाहिली नाही अशा माणसाला, आपल्या गावातलं साहित्य वापरून, दाखवून द्या: हिमनदीचा वेग कशाने ठरतो?

"बाबांनी दोन पाळ्या करून शिकवलं मला," ती हळूच म्हणाली. "ते काही बोलत नाहीत... पण मला ही जागा पाहिजे, ओमेशजी. मला तो बर्फ पाहायचा आहे."

"मंग मी हावो नं," ओमेश छातीवर हात ठेवून म्हणाला. "मी कुठं पाहिली हिमनदी? मले समजलं, तं त्यायले बी समजन."

झालं! त्या दिवसापासून बर्फ कारखान्यात शाळा भरू लागली. विद्यार्थी एक, मास्तरीण एक, आणि फुकटची प्रेक्षक म्हणजे मंदाबाई. मंदाबाई तीस वर्षांपासून लाद्या झाकायचं काम करायची. उघडी लादी दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. खाली ओला बारदाना, वरून भुसा, असं केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आता लाद्यांबरोबर या दोघांवरही तिचं लक्ष असे.

हौदातून निघालेली लादी फोडायच्या यंत्राकडे नेण्यासाठी कारखान्यात एक लांब लाकडी घसरण होती. अल्काने तिच्या वरच्या टोकाखाली एक वीट ठेवली, मग दोन, मग तीन. तीन विटांवर लादी सुसाट सुटली.

"हे तं लहान लेकरू बी सांगन," ओमेश म्हणाला. "उतार जास्त, धाव जास्त."

"बरं. मग हे सांगा... उतार सारखाच, तरी एक हिमनदी दिवसाला सात सेंटिमीटर जाते आणि दुसरी कितीतरी मीटर. का?"

"सात सेंटिमीटर म्हणजे?" ओमेश मासा असो की बर्फ, सगळं बोटांनीच मोजायचा. त्याने चार बोटं जुळवून तिच्यापुढे धरली. "एवढं? दिवसभरात? बापा! आमची बल्लारशा पॅसेंजर बरी म्हणायची."

अल्का खळखळून हसली. मोजपट्टी घेऊन तिने ती चार बोटं खरंच मोजली. तिचं एक बोट त्याच्या करंगळीला ओझरतं लागलं, आणि बर्फ कारखान्यात ओमेशच्या कानांना घाम फुटला.

तिसऱ्या दिवशी तिने गुळाचा पाक आणला, तिच्या आईने, अंजनाबाईंनी, घट्ट शिजवून दिलेला. दोन लांब पत्र्याच्या पन्हाळी तिरप्या ठेवल्या. एकीत पाकाचा पातळ थर, दुसरीत चार बोटं जाड. दोन्हींत आडव्या रेषेत तांदळाचे दाणे मांडले.

"आता गप्प बसून पाहायचं," अल्का म्हणाली.

"किती वेळ?"

"लागेल तेवढा. घाई आहे का तुम्हाला?"

ओमेशला कसली घाई! जाड थरातली दाण्यांची रेष हळूहळू पुढे पोटासारखी फुगली. मधले दाणे पुढे गेले, कडेचे मागे राहिले. पातळ थरातले मात्र जिथल्या तिथे.

"बर्फ जितका जाड, तितकं त्याचं स्वतःचंच वजन त्याला दाबतं, आणि तो आतल्या आत वाकून वाहायला लागतो. वर जितका बर्फ पडेल, तितकी ही जाडी वाढते. दरीच्या भिंती कडेच्या बर्फाला घासतात, म्हणून मधला सगळ्यात पुढे. आणि हाच पाक उन्हात ठेवला तर?"

"पळन. थंड केला तं अडून बसन."

"हुशार आहात हो!"

"मास्तरीण चांगली हाय." एवढं बोलून ओमेश पाकाकडे पाहू लागला, कारण तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. मुंग्यांनी एव्हाना हिमनदीची वरची बाजू खायला घेतली होती.

पण हिमनदीचं खरं गुपित उलगडलं ते ओमेशच्याच तोंडून. एका सकाळी लादी ढकलता ढकलता तो सहज म्हणाला, "आता हिले हलवाले दोघं लागते. बारा वाजता येजा, एका बोटानं सरकवून दाखवतो."

अल्काची पेन्सिल थांबली. "काय म्हणालात? का?"

"काऊन म्हणजे... सकाळी लादी फळीले धरून राहते. उन्हं चढली का बुडाले पाण्याची पापडी होते. मंग ती फळीवर नाही, पाण्यावर चालते."

"ओमेश!" तिने त्याचं मनगटच धरलं. 'जी' गळून पडलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. "हेच! अगदी हेच! उन्हाळ्यात वरचं पाणी भेगांतून खाली उतरतं, तळाशी साचतं, आणि अख्खी हिमनदी घसरायला लागते. मी वर्षभर पुस्तकात वाचलं... आणि तुला आधीपासून माहीत होतं!"

ओमेशला त्या क्षणी एवढंच माहीत होतं की मनगट अजून सुटलेलं नाही. पलीकडून मंदाबाई खाकरली तेव्हा ते सुटलं.

"काही हिमनद्या तर वर्षानुवर्षं जेमतेम सरकतात," अल्का घाईघाईने वही उघडत म्हणाली. "तळाशी पाणी कोंडत जातं, आणि मग एखाद्या वर्षी... एकदम धावत सुटतात. दसपट, शंभरपट."

"अन् लोकायले वाटते, अचानक झालं."

"हो."

"अचानक नसतेच ते," ओमेश म्हणाला.

तिने वर पाहिलं. दोघांचीही नजर क्षणभर अडकली... आणि मग ती भुसा झटकायच्या निमित्ताने खाली पाहू लागली. भुसा तिच्या ओढणीवर नव्हताच.

जून उजाडला तसा ओमेशच्या मनात एक वेगळाच हिशेब सुरू झाला. अल्काला ही जागा मिळायलाच हवी होती. त्यासाठी तो कारखान्याची प्रत्येक लादी उन्हात ठेवायला तयार होता. आणि जागा मिळाली की ती जाणार होती. म्हणजे तो रोज सकाळी सात वाजता, अगदी मनापासून, तिला आपल्यापासून दूर ढकलत होता. एकीकडे ती जिंकावी म्हणून जीव तुटायचा, दुसरीकडे ती नजरेआड होईल म्हणून. माणूस असा दोन्हीकडून पकडला गेला की त्याने काय करावं? ओमेशने विटा उचलल्या आणि घसरण नीट केली.

दहा तारखेला वही मिटताना तिने विचारलं, "ओमेश, समजा माझी निवड झाली... तर?"

"तं पेढे वाटू," तो म्हणाला.

"बस? एवढंच?"

"दोन किलो वाटू."

तिने स्कूटी जरा जास्तच जोरात सुरू केली.

बारा जूनची सकाळ. कारखान्यात मोबाइलला धड रेंज हौदाच्या कठड्यावरच यायची, म्हणून ठरलं होतं की ओमेशने कठड्यावर उभं राहून पंधरा मिनिटं मोबाइल धरायचा. बोलायचं नाही. नियमच होता, उमेदवाराला दुसऱ्या कुणी शब्दानेही मदत करायची नाही.

पडद्यावर तीन चेहरे आले. दोन सर आणि मध्ये पांढऱ्या केसांच्या एक मॅडम. अल्का हिंदीत बोलू लागली, गोंदियाच्या घरगुती हिंदीत. आवाज सुरुवातीला कापला, मग सावरला. पाकाच्या पन्हाळी झाल्या, तांदळाची रेष फुगली, मॅडम पुढे वाकून पाहू लागल्या. ओमेशची छाती इकडे फुगत होती.

"आणि आता उतार," अल्का म्हणाली. घसरणीवर पहाटेच हौदातून काढलेली लादी होती. तिने एक वीट सरकवली, दुसरी सरकवली, तिसरी.

लादी हलली नाही.

तिने चौथी वीट ठेवली. लादी जणू तिथेच जन्मली होती. बाजूचे सर गालात हसले. "आपका ग्लेशियर आज छुट्टी पर है क्या?"

दुसरेही हसले. अल्काचा चेहरा पांढरा पडला. ओमेशला तो चेहरा ओळखू आला, गेल्या वर्षी तिचा असाच झाला असणार. आणि त्याच वेळी कठड्यावरून त्याला ते दिसलं. लादीच्या खालून तागाचा एक धागा डोकावत होता. बारदाना!

त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहाटे उघड्या फळीवरची उघडी लादी पाहून मंदाबाईला राहवलं नसणार. दोघीतिघींना हाताशी धरून तिने ती उचलली, खाली ओला बारदाना घातला, वर भुसा लोटला, आणि मग 'साहेब लोकायसमोर बरं दिसावं' म्हणून वरचा भुसा झाडूनही काढला. हौदातल्या कडक गारठ्यातून निघालेली लादी ती. ओला बारदाना एका बाजूने लादीला आणि दुसऱ्या बाजूने फळीला गोठून बसला होता.

एक शब्द पुरला असता. 'बुडाशी पाह, अल्का.' शब्द जिभेवर आलासुद्धा. ओमेशने दातांखाली जीभ धरली. बोललो तर तिची पंधराही मिनिटं वाया, आणि जागाही. हातातला मोबाइल एकदा थरथरला, मग त्याने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरला. आयुष्यात एवढं जड काही त्याने उचललं नव्हतं.

अल्का गुडघ्यावर बसली. गाल फळीला टेकवून तिने लादीच्या बुडाशी बोट फिरवलं. एक क्षण... दोन क्षण... आणि ती उठली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"सर, ही सुट्टीवर नाही," ती म्हणाली. आवाज आता जराही कापत नव्हता. "उतार आहे, वजन आहे, तरी हलत नाही, कारण ती तळाला गोठून चिकटली आहे. फार थंड मुलखातल्या हिमनद्या अशाच असतात. त्यांचा तळ खडकाला धरून बसतो. आतला बर्फ पाकासारखा वाकतो, पण बूड जागचं हलत नाही. वेग फक्त उतारावर ठरत नाही, सर. खाली काय आहे, त्यावर ठरतो. आता पाहा."

तिने उन्हात ठेवलेल्या बादलीतलं पाणी मगात घेतलं आणि घसरणीच्या वरच्या टोकाला बारीक धारेने सोडलं. पाणी लादीखाली शिरलं. काहीच होईना. तिने दुसरा मग ओतला, तिसरा ओतला.

मग 'कर्रर्र' असा बारीक आवाज आला.

लादी एक बोट सरकली. मग दोन. मग चार. आणि मग ती अशी सुटली म्हणता! घसरण संपली, लादी हवेत उडाल्यासारखी झाली आणि समोरच्या भुशाच्या ढिगात धाडकन घुसली. ढीग फुटला. मंदाबाई नखशिखांत भुशाने माखली आणि "अगं बाई माये!" म्हणून ओरडली, ते थेट डेहराडूनला ऐकू गेलं.

पडद्यावरचे तिघंही हसत होते. पण या हसण्याची जात वेगळी होती.

"ही चिकटलेली लादी तुम्ही मुद्दाम तयार केली होती?" मॅडमनी विचारलं.

हो म्हणाली असती तर कुणाला कळलं असतं? अल्का म्हणाली, "नाही मॅडम. आमच्या मंदाबाईंनी केली, त्यांच्या सवयीने. माझ्या आत्ता लक्षात आलं."

मॅडमनी शेजारच्या सरांकडे पाहिलं. "वर हिमनदीवर सगळं असंच असतं," त्या म्हणाल्या. "ठरवलेलं काही घडत नाही, आणि जे घडतं त्याचं कारण गुडघ्यावर बसून शोधावं लागतं. थँक यू, अल्का."

पडदा काळा झाला. ओमेशने हात खाली घेतला, तर तो कोपरात वाकेना. अल्का धावत आली आणि त्याचा आखडलेला हात दोन्ही हातांत घेऊन चोळू लागली, सगळ्यांसमोर, कुणाची पर्वा न करता.

नवव्या दिवशी निकाल आला. चार जागांच्या यादीत अल्काचं नाव पहिलं होतं. पहिलं! सेवकरामने गिरणीत हमालांना दोनदा मोबाइल वाचायला लावला. अंजनाबाईंनी गल्लीत तीन घरी सांगितलं आणि बाकीच्या गल्लीला त्या तिघींनी. अल्का पेढ्यांचा पुडा घेऊन कारखान्यावर पोचली, तेव्हा ओमेश गाडीत बर्फ भरत होता.

"अभिनंदन, मॅडम," तो पाठमोराच म्हणाला.

रागावली की अल्काची पुस्तकी भाषा गळून पडायची. "मॅडम? मॅडम काऊन म्हणून राहिला तू मले?"

"तुमी चालल्या नं आता..."

"चालली! मेली नाही!" तिने पुडा गाडीच्या फळक्यावर आपटला. "चार वर्षांचं काम आहे, मध्ये सुट्या आहेत, आणि तिथे मोबाइलही चालतो. वळ इकडे."

तो वळला. डोळे लाल झाले होते. भुशाने झाले म्हणावं तर हातात भुसा नव्हता.

"तो बारदाना मले दिसला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुझा मोबाइल हलला होता."

"बोललो असतो तं निवड तुझी राहिली नसती. अन् हे... हे बी आधी बोललो असतो, तं तुझं अर्धं मन इथंच अडकलं असतं. तुले मोकळ्या मनानं जिंकू द्याचं होतं."

"जिंकले मी," अल्का म्हणाली. "आता बोल."

ओमेशने हातातला आकडा खाली ठेवला. हात शर्टाला पुसले. "माझं प्रेम हाय तुझ्यावर, अल्का. फाटकापासून. तू बर्फाकडे पाहून राहिली होती अन् मी तुझ्याकडे. तू चार वर्षं जा, दहा वर्षं जा. मी हावो."

"एवढं सांगायला महिना लागला?" ती हसली आणि तिचे डोळे भरून वाहू लागले. "माझंही आहे, ओमेश. खूप आहे."

मंदाबाईने हौदाआडून जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मासोळ्यांच्या टोपल्या घेऊन आलेल्या सगळ्या बायांनी तिला साथ दिली. पेढे तिथेच संपले.

पण प्रेम कारखान्यात कबूल झालं म्हणजे घरात कबूल होतं असं नाही. अल्काने त्याच संध्याकाळी जेवताना आईबापाला सांगून टाकलं. ओमेश ढिवरांचा, आपण बौद्ध. जयंतीच्या मिरवणुकीत एकमेकांना पाणी देणं वेगळं आणि सोयरीक वेगळी, हे तिलाही कळत होतं. अंजनाबाईंनी एकच विचारलं, "पोरगा पितो का?" अल्काने नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. सेवकराम मात्र काही बोलला नाही. हात धुतला आणि उठला. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही, तिसऱ्याही. ओमेश घरी येऊन समोर बसला, हात जोडून सगळं सांगितलं, तरी सेवकरामने फक्त "पाहू" एवढाच शब्द काढला आणि चहा पुढे केला.

पाहता पाहता जायचा दिवस उजाडला.

सौंदड स्टेशनवर एवढी माणसं एरवी लग्नसराईतच दिसावी. गिरणीतले हमाल, अख्खा बर्फ कारखाना, नवी साडी नेसलेली मंदाबाई. अल्का गोंदियाला उतरून पुढची गाडी पकडणार होती. ओमेश गर्दीच्या मागे, खांबाला टेकून उभा होता. पुढे यावं की नाही, ते त्याला ठरवता येईना. बापाने 'हो' म्हटलं नव्हतं, आणि आजच्या दिवशी सेवकरामची मान खाली जाईल असं काही त्याला करायचं नव्हतं. अल्काची नजर माणसांवरून फिरत त्याला शोधत होती. सापडला तेव्हा ती हसली.

दूरवर भोंगा वाजला. अल्का आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या पायाशी वाकली. सेवकरामने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. दोन पाळ्यांचं सगळं आयुष्य त्या हातात होतं.

"माझी पोरगी आपल्या हुशारीनं डेहराडूनला चालली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जिले बर्फ पारखता येते, तिले माणूस पारखता येत नसन काय?"

गाडी धडधडत आत शिरली. सेवकरामने मान वळवून, गर्दीच्या डोक्यांवरून, थेट खांबाकडे पाहिलं.

"काऊन उभे हा मागं, जावईबापू?" तो ओरडला. "या नं पुढं! बॅगा उचला, गाडी दोनच मिनिटं थांबते!"

मंदाबाईने आरोळी ठोकली, हमालांनी शिट्ट्या मारल्या, अल्का रडता रडता मोठ्याने हसली. गर्दी दुभंगली आणि ओमेश धावत आला. त्याने दोन्ही बॅगा एकदम उचलल्या. त्या किती जड होत्या, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.